गिरणीच्या गल्ल्यातील नाणी : टांकसाळीतील चुका ओळखण्याच्या आणि त्यांचे मोल ठरवण्याच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

मामांनी पिठाची गिरणी बंद केली, तेव्हा गल्ल्यातून वेळोवेळी बाजूला काढलेली सुटी नाणी तेलाच्या डब्यांत साठलेली होती. नाणी पाच हजारांहून थोडी अधिक आहेत आणि त्यांची दर्शनी किंमत मामांना आधीच चुकती केली आहे. काम असे ठरवले आहे की, या साठ्यातून टांकसाळीत चुकीने पडलेली नाणी शोधायची, ती खरी चूक आहे की नंतरची इजा हे निश्चित करायचे आणि बाजारात त्यांना प्रत्यक्ष किती किंमत मिळते ते पाहायचे. असाच साठा चाळू पाहणाऱ्याला उपयोग व्हावा, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

खर्च पुढीलप्रमाणे झाला : ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा ७५० रुपये, दहापट मोठे दाखवणारे भिंग ४०० रुपये, व्यास आणि जाडी मोजणारा डिजिटल व्हर्नियर ६५० रुपये, नाण्यांचे पुठ्ठ्याचे होल्डर ५०० रुपये. लोहचुंबक घरचाच वापरला. एकूण २,३०० रुपये. काट्याबरोबर प्रमाण वजन मिळाले नसेल तर ते वेगळे घ्यावे. स्वस्त काटा थोडा वेळ चालू राहिला की त्याचा शून्य सरकतो आणि चुकीच्या चकतीवर (छाप उमटण्याआधीच्या कोऱ्या गोल तुकड्यावर) पडलेले नाणे शोधताना सगळा निर्णय त्याच दशांशावर अवलंबून असतो.

सुरुवातीलाच एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पत्र्यातून चकती कापणे, तिची कड उचलणे आणि कॉलरमध्ये (चकतीभोवतीच्या कड्यात) ठेवून दोन ठशांमध्ये दाबणे, या तीन टप्प्यांपैकी नेमक्या कोणत्या टप्प्यावर हा दोष निर्माण झाला, हे ज्या नाण्याबाबत सांगता येणार नाही, ते नाणे चुकीच्या नाण्यांच्या डब्यात जाणार नाही.

१४ जानेवारी

पहिली चाळणी मूल्यानुसार, मग धातूनुसार, मग टांकसाळीनुसार केली. हा क्रम सोडून थेट विचित्र दिसणारी नाणी वेचत बसल्यास सामान्य नाणे कसे असते हेच डोळ्यांत भरत नाही.

वर्षाच्या आकड्याखालील खूण पाहावी. मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा टिंब, आणि कोलकात्याची कोणतीही खूण नाही. त्यामुळे ‘खूण नसलेले नाणे’ ही चूक नव्हे. ते कोलकात्याचे नाणे आहे. मात्र हैदराबादचा तारा झिजून किंवा ठशाच्या खोबणीत वंगण साचून टिंबासारखा दिसू शकतो, म्हणून टांकसाळ ठरवताना भिंग वापरावेच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरकारने काही नाणी परदेशी टांकसाळींतून पाडून घेतली होती. मेक्सिको, स्लोव्हाकियातील क्रेमनित्सा, मॉस्को अशा ठिकाणच्या खुणा त्यांवर आहेत. ही नाणी पाहून नवशिक्याला काहीतरी चुकले आहे असे वाटते. पण ती नियमित नाणी आहेत.

प्रमाण मापांचा तक्ता भिंतीवर लावला. एक रुपया, पोलादी, १९९२पासूनचा : २५ मि.मी., ४.८५ ग्रॅम. २०११च्या मालिकेतील एक रुपया : २२ मि.मी., ३.७९ ग्रॅम. २०११च्या मालिकेतील दोन रुपये : २५ मि.मी., ४.८५ ग्रॅम. पाच रुपयांचे जुने जाड तांबे-निकेलचे नाणे ९ ग्रॅम, २००९च्या सुमारास आलेले पिवळसर निकेल-पितळी नाणे ६ ग्रॅम. दहा रुपयांचे २०११च्या मालिकेतील द्विधातू नाणे : २७ मि.मी., ७.७१ ग्रॅम.

तक्ता लिहितानाच एक अडचण लक्षात आली. जुना एक रुपया आणि २०११चे दोन रुपये यांचा व्यास, वजन आणि धातू तिन्ही सारखे आहेत. म्हणजे २०११च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणे जुन्या रुपयाच्या चकतीवर पाडले गेले असते, तरी वजनकाटा, व्हर्नियर आणि चुंबक यांपैकी कशालाही ते कळले नसते. या जोडीबाबत ‘चुकीची चकती’ असा दावा कोणी केल्यास तो सिद्ध करता येत नाही आणि अशा नाण्याला जास्तीचे पैसे देऊ नयेत.

१९ जानेवारी

चुंबकाने सगळे पाच रुपये तपासले. काही नाणी चिकटली. हा प्रकार ‘दुर्मीळ, चुकीच्या धातूचे नाणे’ म्हणून सर्रास विकला जातो; त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो. पाच रुपयांचे नाणे प्रथम तांबे-निकेलचे होते, ते चुंबकाला चिकटत नाही. २००७च्या सुमारास सरकारने ते गंजरोधक पोलादात पाडायला घेतले, ते चिकटते. २००९पासून निकेल-पितळ आले, ते पुन्हा चिकटत नाही. या संक्रमणाच्या काळात काही स्मारक नाणी दोन्ही धातूंत निघाली. लोकमान्य टिळकांच्या १५०व्या जयंतीनिमित्त निघालेले २००७चे नाणे याचे जवळचे उदाहरण आहे. डब्यात त्या नाण्याचे दोन्ही प्रकार मिळाले आणि दोन्ही ‘सामान्य’ या डब्यात गेले.

चुंबकाची चाचणी उलट दिशेने मात्र मोलाची आहे. एक किंवा दोन रुपयांचे पोलादी नाणे चिकटले नाही, किंवा पितळी पाच रुपयांचे नाणे चिकटले, तर ते लगेच बाजूला काढून वजन करावे. आमच्या साठ्यात असे एकही नाणे निघाले नाही.

२५ जानेवारी

एक रुपयाचे सगळे डबे पुन्हा पाहावे लागत आहेत आणि त्यात जवळजवळ आठवडा गेला. कारण प्रकाश. छतावरच्या ट्यूबलाइटखाली पोलादी नाण्याचा पृष्ठभाग सपाट व पांढरा दिसतो. त्यावर उठलेली रेघ आणि कोरली गेलेली रेघ यांत फरक कळत नाही. टेबलदिवा नाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणून आडवा प्रकाश पाडल्यावर सगळे चित्र बदलले. उठलेल्या रेघेची सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडते, खोल गेलेल्या रेघेची सावली दिव्याच्या बाजूला, रेघेच्या आतच पडते. नाणे हळूहळू फिरवत पाहिले की शंका उरत नाही.

हा फरक समजला की निम्मे काम होते. ठशाला तडा गेला की दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो. म्हणून तड्याची रेघ नाण्यावर नेहमी उंच असते, बहुधा कडेपासून निघते आणि अक्षरांवरून आणि मोकळ्या जागेवरून न अडखळता जाते. ओरखडा खोल असतो आणि अक्षराच्या उंचवट्यावर आला की तुटतो किंवा अधिक ठळक होतो. आधी ‘तडा’ म्हणून बाजूला काढलेल्यांपैकी बरीच नाणी या दिव्याखाली ओरखड्यांची निघाली.

अक्षरांच्या दुहेरी छटेबद्दलही येथेच लिहितो. वर्षाचा आकडा किंवा ‘भारत’ ही अक्षरे दुहेरी दिसतात, म्हणून ती ठशाचीच चूक आहे असे मानू नये. दाबल्यानंतर ठसा किंचित हलला, तर अक्षराच्या बाजूला एक सपाट, खालच्या पातळीवरची पायरी तयार होते आणि मूळ अक्षर तेवढे बारीक होते. कठीण पोलादाच्या नाण्यांवर हा प्रकार वारंवार दिसतो आणि त्याला अधिक किंमत नाही. ठसा तयार करतानाच आकृती दोनदा उमटली असेल, तर दोन्ही प्रतिमांना गोलाई आणि उंची असते आणि अक्षराच्या टोकांना स्पष्ट खाच दिसते. या दुसऱ्या वर्गात बसेल असे एकही नाणे मला मिळालेले नाही.

२ फेब्रुवारी

आज फिरलेल्या ठशांची नाणी मोजली. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने सरळ असतात. म्हणजे नाणे उभ्या अक्षाभोवती, पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटले, की मागील बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती तिरपी किंवा उलटी दिसली, तर दोनपैकी एक ठसा यंत्रात फिरलेला होता.

बोटांत धरून उलटताना नाणे नकळत वळते आणि दहा-पंधरा अंशांची चूक सहज होते. त्याऐवजी नाणे होल्डरमध्ये दर्शनी बाजू सरळ ठेवून बसवावे, होल्डरच्या वरच्या आणि खालच्या कडेवर पेन्सिलने मध्यरेषा काढावी, मग होल्डर उलटून पारदर्शक कोनमापक ठेवावा. होल्डर चौकोनी असल्याने तो वळत नाही. या पद्धतीने मोजल्यावर आधी ‘फिरलेली’ वाटलेली कितीतरी नाणी सरळ ठरली.

भारतीय नाण्यांत फिरलेला ठसा हा तसा नेहमी भेटणारा दोष आहे. वीस-तीस अंशांच्या नाण्याला कोणी विचारत नाही. ९० अंशांच्या आसपासचे नाणे संग्राहक घेतात आणि पूर्ण उलटे, म्हणजे १८० अंशांचे, सर्वांत लवकर विकले जाते, कारण ते मोजून दाखवावे लागत नाही. साठ्यात दोन रुपयांचे एक नाणे १८० अंशांचे मिळाले. ते स्वच्छ करण्याचा मोह आवरला. घासलेल्या नाण्याचा पृष्ठभाग भिंगाखाली लगेच ओळखू येतो आणि मग घेणारा सगळ्याच गोष्टींवर संशय घेतो.

९ फेब्रुवारी

दोन रुपयांचे आणखी एक नाणे, कडेला चंद्रकोरीसारखा भाग नसलेले. याला संग्राहक ‘क्लिप’ म्हणतात. पत्र्यातून चकत्या कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर नवा छेद आधीच्या भोकावर अंशतः पडतो आणि चकती वक्र तुकड्याविना तयार होते.

खरी क्लिप आणि कानसने घासलेली कड यांतील फरक असा तपासला. पहिली गोष्ट, छेदाच्या बरोबर समोरची बाजू पाहिली. कड उचलण्याच्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. म्हणून तेथली कड पुसट किंवा गायब असते. या नाण्यावर नेमकी समोरची कड सुमारे सेंटीमीटरभर विरून गेली आहे. दुसरी गोष्ट, छेदाजवळच्या अक्षरांचा आकार. खऱ्या क्लिपमध्ये धातू मोकळ्या जागेकडे वाहतो आणि अक्षरे छेदाच्या दिशेने किंचित ओढली जातात. घासलेल्या नाण्यावर अक्षर मध्येच सरळ तुटते. तिसरी गोष्ट, छेदाची भिंत. तिच्यावर समांतर ओरखडे असतील तर कानस चालली आहे. चौथे म्हणजे वजन, ते ४.६१ ग्रॅम भरले, गेलेल्या भागाच्या मानाने ते पटण्यासारखे आहे. मात्र वजन केवळ पूरक पुरावा आहे, कारण घासलेल्या नाण्याचेही वजन कमीच भरते. समोरची कड विरलेली नसली म्हणून क्लिप खोटीच, असेही म्हणता येत नाही. लहान छेदात हा परिणाम कधी कधी दिसत नाही. अशा वेळी उरलेल्या तीन गोष्टींवर विसंबावे लागते.

१६ फेब्रुवारी

दहा रुपयांची नाणी. हा संपूर्ण डबा निराशाजनक ठरला, पण शिकवणारा होता.

एका नाण्याचा मधला भाग नाही, केवळ पिवळे कडे आहे. गिरणीत कोणीतरी दहा रुपये म्हणून दिले असावे. द्विधातू नाण्यात कडे आणि गाभा वेगवेगळे कापून एकत्र ठेवतात आणि ठशाच्या दाबानेच ते एकमेकांत अडकतात. गाभा न ठेवताच कडे दाबले गेले असते, तर धातू मोकळ्या जागेकडे, म्हणजे आतल्या बाजूला पसरला असता, भोक प्रमाणापेक्षा लहान किंवा वाकडेतिकडे झाले असते आणि आतल्या भिंतीवर गाभा अडकल्याची खूण राहिली नसती. आमच्या कड्याच्या आतल्या भिंतीवर गाभा घट्ट बसल्याची खोबण स्पष्ट आहे, भोक अचूक गोल आहे आणि एका बाजूला ठोकल्याचा चरा आहे. गाभा नंतर ठोकून काढला आहे, म्हणून किंमत शून्य; व्यवहारातही ते चालणार नाही.

दुसऱ्या काही नाण्यांत गाभा किंचित एका बाजूला सरकलेला आहे. हा खरा दोष आहे, पण केसाएवढा. गाभा सरकल्यामुळे कड्याचा धातू गाभ्यावर चढला असेल आणि उघड्या डोळ्यांनी दिसत असेल, तरच त्याला गिऱ्हाईक मिळते.

‘दहा पट्ट्यांचे खरे, पंधरा पट्ट्यांचे खोटे’ ही अफवा अजून जिवंत आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्ये दहा रुपयांच्या चौदा रचना चलनात आल्याचे आणि त्या सर्व वैध असल्याचे जाहीर केले होते. पट्ट्यांच्या संख्येतील फरक हा रचनेतील बदल आहे. त्याला चूक म्हणून किंमत देऊ नये आणि खोटे म्हणून नाकारूही नये.

२३ फेब्रुवारी

रविवार असल्याने पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. विकण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. एका ठिकाणी बाजारात ‘लखी’ या नावाने ओळखले जाणारे नाणे, म्हणजे एका बाजूला सरळ छाप आणि दुसऱ्या बाजूला त्याच छापाची खोलगट, आरशातली प्रतिमा असलेले नाणे, दाखवले गेले. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचाच छाप उमटला, की असे नाणे तयार होते. आधुनिक नाण्यांतील सर्वांत मागणी असलेल्या दोषांपैकी हा एक आहे, म्हणूनच त्याची बनावटही सर्वांत जास्त होते. दोन नाणी शिकंज्यात एकत्र दाबली की खोलगट प्रतिमा मिळते.

विक्रेत्याने भिंग लावू दिले, हे त्यांचे सौजन्य. सरळ बाजूची अक्षरे चपटी होऊन त्यांचे माथे चमकत होते. टांकसाळीत ही बाजू ठशाच्या आत असते, त्यामुळे ती पूर्ण उठावाची आणि धारदारच राहते. चपटी झाली असेल तर नाणे तयार झाल्यावर त्यावर दुसऱ्यांदा दाब आला आहे. शिवाय खोलगट प्रतिमेच्या खाली मूळ छापाचे अवशेष दिसत होते. खऱ्या लखी नाण्यात त्या बाजूला मूळ छाप उमटलेलाच नसतो, मग अवशेष राहणार कशाचे? नाणे परत ठेवले.

२ मार्च

सर्वांत जास्त विचार करायला लावणारे नाणे आज पूर्ण तपासून झाले. २०११च्या मालिकेतील दोन रुपये, वजन ४.२१ ग्रॅम. प्रमाणापेक्षा ०.६४ ग्रॅमने कमी, म्हणजे झिजेने होणार नाही इतके. व्यास मात्र पूर्ण २५ मि.मी.

तीन शक्यता होत्या : दुसरा धातू, आम्लात टाकून झिजवलेले नाणे किंवा पातळ लाटल्या गेलेल्या पत्र्यातील चकती. चुंबकाला ते इतर नाण्यांसारखेच चिकटते. धातूची घनता पाहण्यासाठी काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य केला आणि नाणे दोऱ्याने पाण्यात लोंबते ठेवले. तळाला न टेकता ते जितके वजन दाखवते, तितके त्याने सारलेल्या पाण्याचे वजन. पहिल्या वेळी ०.५९ ग्रॅम आले, म्हणजे घनता जेमतेम ७.१, पोलादाला न शोभणारी. भिंगातून पाहिल्यावर अक्षरांच्या कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे दिसले. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, मऊ ब्रशने बुडबुडे काढून पुन्हा मोजले, तेव्हा ०.५५ आले आणि घनता ७.६५ झाली. तुलनेसाठी सामान्य नाणे मोजले, ते ७.७ भरले. इतक्या हलक्या नाण्यावर ०.०१ ग्रॅमच्या काट्याने एवढी तफावत राहणारच. धातू तोच आहे असे म्हणायला हे पुरेसे आहे.

आम्लाने धातू सर्व बाजूंनी खाल्ला जातो, म्हणून व्यासही घटतो, अक्षरे बारीक होतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. येथे व्यास पूर्ण आहे, पृष्ठभाग नितळ आहे आणि ठशाच्या सर्वांत खोल भागांतील छाप, म्हणजे ज्या भागांपर्यंत धातू पोचायला तो पुरेसा जाड असावा लागतो तेच भाग, दोन्ही बाजूंना पुसट आहेत. जाडी सामान्य नाण्यापेक्षा साधारण ०.१५ मि.मी. कमी आहे. म्हणून पातळ पत्र्यातील चकती, असा निर्णय लिहिला. मला या साठ्यात सर्वांत आवडलेले नाणे हेच आहे.

१५ मार्च

किंमत ठरवण्याचे काम ओळखण्यापेक्षा अवघड निघाले. विक्रीच्या जाहिरातींत लाखांचे आकडे असतात. माता वैष्णोदेवीची प्रतिमा असलेली २०१२ची पाच आणि दहा रुपयांची नाणी त्यांत नेहमी आढळतात. ती नियमित स्मारक नाणी आहेत, त्यांत कोणतीही चूक नाही. मागितलेली किंमत वहीत लिहायचीच नाही असे ठरवले. लिलावात बोली पूर्ण होऊन प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचेच आकडे घेतले, तेही त्याच मूल्याच्या, त्याच दोषाच्या आणि जवळपास त्याच प्रतीच्या नाण्यांचे. लिलावगृहाचे शुल्क आणि कर बोलीच्या वर लागतात आणि विकणाऱ्याच्या हाती त्याहून कमी पडते, हेही लक्षात ठेवावे.

दोष किती दुर्मीळ आहे यापेक्षा तो किती सहज दिसतो यावर मागणी जास्त अवलंबून असल्याचे या आकड्यांत जाणवले. ब्रिटनमध्ये २००८ साली २० पेन्सच्या नाण्याची रचना बदलताना वर्षाचा आकडा मागील बाजूवरून दर्शनी बाजूवर हलवला गेला. नवी मागील बाजू जुन्या दर्शनी ठशाबरोबर जोडली गेली आणि वर्षच नसलेली नाणी चलनात गेली. ती अडीच लाखांपर्यंत असावीत असा अंदाज दिला गेला, म्हणजे ती फारशी दुर्मीळ नाहीत. तरीही ती दर्शनी किमतीच्या कितीतरी पटींनी विकली जातात, कारण वर्ष नाही हे पाहायला भिंग लागत नाही. आमचे पातळ नाणे नेमके याच्या उलट टोकाला आहे.

या काळात एक निनावी संदेश आला. रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र काढून देतो, नोंदणी शुल्क भरा, मग नाण्यांना मोठी रक्कम मिळेल, असा त्यातला मजकूर होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच स्पष्ट केले आहे की, जुन्या नाण्यांच्या वा नोटांच्या अशा व्यवहारांत ती सहभागी नसते आणि त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. संदेशाला उत्तर दिले नाही. नाणी चाळणाऱ्या प्रत्येकाने घरातल्या ज्येष्ठांना ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण असे संदेश त्यांच्यापर्यंत आधी पोचतात.

३० मार्च

क्लिप असलेले नाणे एका संग्राहकाने ३५० रुपयांना घेतले, १८० अंश फिरलेले २०० रुपयांना. कडेपासून कडेपर्यंत ठळक तडा गेलेली काही नाणी मिळून १५० रुपयांना गेली. एकूण ७०० रुपये, म्हणजे साधनांच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. प्रवासाचा खर्च वेगळा. पातळ नाण्याला, दोष मान्य करूनही, कोणी शंभराच्या वर किंमत सांगितली नाही, म्हणून ते विकलेले नाही. त्याच्या होल्डरवर वजन, व्यास, घनता, तपासणीची तारीख आणि निर्णयाचे कारण लिहिले आहे. पुढे कोणाच्याही हाती गेले तरी त्याला तेच मोजमाप पुन्हा करून पाहता येईल. होल्डरला पिना मारताना त्या चपट्या दाबून घ्याव्यात, नाही तर एकावर एक ठेवलेल्या होल्डरच्या पिनांनी शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात.

उरलेली सामान्य नाणी पुन्हा व्यवहारात दिली. गावातील किराणा दुकानदारांना सुट्यांची नेहमीच टंचाई असते. त्यांनी ती मोजून घेतली. संशयास्पद पण टप्पा न सांगता आलेली मूठभर नाणी वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत. त्यांत ‘भारत’मधील एक अक्षर नसलेला एक रुपया आहे. अक्षराच्या जागेचा पृष्ठभाग आसपासच्या भागाशी समपातळीत आणि त्याच पोताचा असेल, तर ठशात वंगण साचले होते असे म्हणता येते. तेथे घासल्याच्या एकाच दिशेच्या रेघा असतील तर अक्षर काढून टाकले आहे. दहापट भिंगात दोन्हीपैकी काहीच ठामपणे दिसत नाही. वीसपट भिंग मागवले आहे, ४८० रुपये.